रक्तातले शिसे आयसीपी-एमएसवर कसे मोजायचे: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

आयसीपी-एमएस म्हणजे धातूंच्या अणूंचे आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणारे यंत्र. सुरुवात एका हिशेबाने करू. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने ऑक्टोबर २०२१ पासून लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाचे संदर्भमूल्य ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर धरले आहे. त्याआधी ते ५ होते. ३.५ म्हणजे लिटरला ३५ मायक्रोग्रॅम. रक्त यंत्रात थेट सोडता येत नाही, पन्नासपट पातळ करावे लागते. म्हणजे यंत्रासमोर जाणाऱ्या द्रावणात लिटरला ०.७ मायक्रोग्रॅम एवढेच शिसे उरते. आता ट्यूबच्या झाकणातून, पिपेटच्या टिपमधून किंवा टेबलावरच्या धुळीतून त्या द्रावणात लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम शिसे शिरले, तर अहवालात ते अर्ध्या मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढलेले दिसते. ३.५ चे ४.० होतात आणि एका घराची झोप उडते. आयसीपी-एमएसला याच्या कितीतरी खालचे शिसे सहज दिसते. म्हणून पुढे या लेखात यंत्राच्या बटणांपेक्षा ट्यूब, टिप आणि ब्लँक (नमुना न घालता बाकी सगळे घालून केलेले कोरे द्रावण) यांच्याबद्दल जास्त लिहिले आहे.

यंत्र काय करते ते थोडक्यात. पातळ केलेल्या नमुन्याचे नेब्युलायझर बारीक तुषार करतो, स्प्रे चेंबर त्यातले मोठे थेंब गाळतो आणि उरलेले धुके काही हजार अंश तापलेल्या आर्गॉनच्या प्लाझ्मात जाते. (रक्ताचा प्लाझ्मा वेगळा, हा वेगळा. नव्या माणसाची इथे पहिल्या आठवड्यात हमखास गल्लत होते.) तिथे सगळे रेणू तुटतात आणि धातूंचे अणू एकेक इलेक्ट्रॉन गमावून आयन होतात. दोन कोनांच्या (धातूच्या शंकूंच्या) बारीक भोकांतून हे आयन निर्वातात ओढले जातात, क्वाड्रुपोल त्यांना वस्तुमानानुसार निवडतो आणि डिटेक्टर मोजतो.

नमुना घेण्याआधी आणि घेताना

रक्त शिरेतून घ्या, ट्रेस एलिमेंटसाठी (अतिसूक्ष्म प्रमाणातल्या धातूंसाठी) बनवलेल्या गडद निळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणारे ईडीटीए असलेल्या ट्यूबमध्ये. नेहमीची जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब शिशासाठी चालू शकते, पण तो लॉट तुम्ही स्वतः तपासला असेल तरच. तपासणी सोपी आहे: लॉटमधल्या पाच-दहा ट्यूबमध्ये २% शुद्ध नायट्रिक आम्ल भरा, झाकण लावून आडव्या करून रात्रभर ठेवा, म्हणजे आम्ल झाकणालाही लागेल. सकाळी ते आम्ल मोजा. एका ट्यूबमध्ये जरी शिसे दिसले तरी पूर्ण लॉट बाजूला ठेवा. सरासरी काढून समाधान मानू नका, कारण रुग्णाच्या वाट्याला सरासरी ट्यूब येत नाही, एकच येते.

बोटाला टोचून घेतलेले रक्त ही वेगळी अडचण आहे. कातडीवरचे शिसे थेंबात मिसळते आणि स्पिरिटच्या बोळ्याने ते निघत नाही. हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली नीट धुवायलाच हवेत. पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड आहे; मारुतीला शेंदूर लावून आलेल्या हाताचे बोट टोचले तर काय होईल हे सांगायला नको. बोटाच्या रक्तात शिसे जास्त आले तर शिरेच्या रक्तावर खात्री केल्याशिवाय तो आकडा अंतिम मानू नये.

ट्यूब भरली की लगेच आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीपालटी करा. गुठळी झाली तर नमुना बाद, कारण रक्तातले जवळजवळ सगळे, सुमारे ९९%, शिसे लाल पेशींत असते आणि गुठळीने त्या पेशी सारख्या पसरलेल्या राहत नाहीत. याच कारणाने ट्यूब सेंट्रिफ्यूज करू नये. सीरममध्ये शिसे शोधणे म्हणजे घर सोडून अंगणात शोधणे. नमुना २ ते ८ अंशांवर ठेवा. बरेच दिवस ठेवायचा असेल तर गोठवा.

नमुन्याबरोबर येणारा फॉर्म वाचा. बॅटरी कारखान्यातला कामगार, सुरमा, नागभस्म असे काही लिहिलेले असेल तर तो नमुना यादीत शेवटी लावा. नागभस्म म्हणजे शिशाचेच भस्म. असा एखादा नमुना मध्ये लागला तर पुढच्या दोन-तीन लहान मुलांच्या नमुन्यांवर त्याची सावली पडते.

भांडी, पाणी, टिपा

काच अजिबात वापरू नका. सगळे पॉलिप्रॉपिलीन किंवा पीएफए या प्लास्टिकचे. नव्या ट्यूब आणि बाटल्या १०% नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवा, १८.२ मेगओहमच्या पाण्याने तीनदा खळबळा आणि धूळ बसणार नाही अशा झाकलेल्या जागी वाळवा. पेपर टॉवेलवर उलट्या घालू नका. टिपा बिनरंगी घ्या, रंगीत टिपांच्या रंगद्रव्यात धातू असू शकतात. हातमोजे नायट्रिलचे, पावडर नसलेले.

डायल्युअंट

डायल्युअंट म्हणजे रक्त पातळ करायचे द्रावण. इथे सगळ्यात पहिली चूक होते. पाण्यासाठी किंवा मातीसाठी आयसीपी-एमएस वापरलेला माणूस सवयीने रक्तातही २% नायट्रिक आम्ल घालतो. प्रथिने साकळतात, तपकिरी चोथा तळाला बसतो, शिसे त्यात अडकते आणि तासाभरात नेब्युलायझर तुंबतो. रक्त अल्कधर्मी द्रावणात पातळ करायचे. एक लिटरसाठी एक चालणारे प्रमाण असे:

अंदाजे ९०० मिलिलिटर शुद्ध पाणी घ्या. त्यात ट्रेस मेटल दर्जाचा तीव्र अमोनिया १० मिलिलिटर घाला, मग ईडीटीए ०.५ ग्रॅम. ईडीटीए आम्ल रूपात असेल तर ते साध्या पाण्यात विरघळत नाही, अमोनियानंतर घातले की विरघळते. क्रम उलटा केला तर अर्धा तास ढवळत बसाल. ट्रायटन एक्स-१०० या साबणासारख्या द्रव्याचे १०% द्रावण आधी करून ठेवा आणि त्यातले ५ मिलिलिटर घाला. घट्ट ट्रायटन पिपेटने मोजायला जाऊ नका, ते टिपच्या आतच चिकटून राहते. शेवटी इरिडियमचे अंतर्गत मानक (यंत्राचा चढउतार दुरुस्त करायला प्रत्येक ट्यूबमध्ये सारखाच घातलेला धातू), अंतिम प्रमाण लिटरला ५ मायक्रोग्रॅम येईल एवढे, आणि पाणी घालून एक लिटर करा. जोरात हलवू नका, फेस होतो.

प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. अमोनिया प्रथिने विरघळलेली ठेवतो. अल्कधर्मी द्रावणात धातू ट्यूबच्या भिंतीला चिकटू पाहतात, त्यांना ईडीटीए धरून ठेवतो. ट्रायटन पेशींची आवरणे फोडतो आणि नळ्या स्वच्छ ठेवतो. आर्सेनिक आणि सेलेनियमही त्याच रनमध्ये (मोजणीच्या सलग फेरीत) हवे असतील तर २% ब्युटानॉल घालतात, कारण कार्बन असला की त्यांचा सिग्नल वाढतो; प्रत्येक नमुन्यातला कार्बन त्यामुळे जवळपास सारखाही होतो. एकट्या शिशासाठी त्याची गरज नाही.

अंतर्गत मानक म्हणून बिस्मथ मोहात पाडतो. २०९ हे त्याचे वस्तुमान शिशाला खेटून आहे आणि त्याचे आयनीभवनही शिशासारखेच होते. पण पोटाच्या काही औषधांत बिस्मथ असतो. रुग्णाने ते घेतले असेल तर अंतर्गत मानक फुगते आणि शिसे खोटेच कमी दिसते. इरिडियम कोणी खात नाही. फक्त ते भरमसाठ घालू नका: इरिडियम-१९१ ला ऑक्सिजन जोडला गेला की वस्तुमान २०७ होते, म्हणजे थेट शिशाच्या जागेवर. पाच मायक्रोग्रॅमला हा परिणाम नगण्य असतो. तरी पहिल्यांदा पद्धत बसवताना इरिडियमसह आणि इरिडियमविना ब्लँक मोजून २०७ ची खात्री करून घ्या.

स्टँडर्ड आणि नमुन्यांच्या ट्यूब

बाजारातल्या १००० मिलिग्रॅम प्रति लिटर स्टँडर्डमधून (शिशाचे प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रावणातून) १ मिलिलिटर घेऊन २% नायट्रिकमध्ये १०० मिलिलिटर करा: झाले १० मिलिग्रॅम. त्यातले ५ मिलिलिटर पुन्हा १०० ला न्या: झाले ५०० मायक्रोग्रॅम प्रति लिटर. यातून अनुक्रमे २५, १०, ५, २.५, १ आणि ०.५ मिलिलिटर घेऊन प्रत्येकी ५० मिलिलिटर केले की वरच्या ५०० सह २५०, १००, ५०, २५, १० आणि ५ ची मालिका मिळते.

स्टँडर्डच्या ट्यूबमध्ये ४.८ मिलिलिटर डायल्युअंट, १०० मायक्रोलिटर कमी शिशाचे आधाररक्त आणि १०० मायक्रोलिटर स्टँडर्ड. नमुन्याच्या ट्यूबमध्ये ४.८ मिलिलिटर डायल्युअंट, १०० मायक्रोलिटर रुग्णाचे रक्त आणि १०० मायक्रोलिटर साधे २% नायट्रिक. दोन्हीकडे पातळ करणे सारखेच, पन्नासपट, त्यामुळे स्टँडर्डच्या सिग्नलवरून काढलेला आलेख थेट रक्तातल्या मायक्रोग्रॅम प्रति लिटरमध्ये वाचता येतो. नंतर पन्नासने गुणायचे राहून गेले ही चूक होतच नाही. क्रम मात्र पाळा: आधी डायल्युअंट, मग रक्त, मग आम्ल. रक्तावर आम्ल थेट पडले तर तो थेंब तिथल्या तिथे साकळतो आणि तळाशी तपकिरी कण फिरताना दिसतो. अशी ट्यूब टाकून नवी करा, हलवून तो कण विरघळत नाही.

दोन ब्लँक लागतात आणि त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका. आलेखाचा शून्य बिंदू म्हणजे आधाररक्त अधिक शिसे नसलेले आम्ल, कारण आधाररक्तातले स्वतःचे थोडेसे शिसे त्यात वजा व्हायला हवे. रुग्णाच्या नमुन्यातून मात्र रक्ताविनाचा, फक्त डायल्युअंट आणि आम्लाचा अभिकर्मक ब्लँक वजा करायचा. इथे आधाररक्त वजा झाले तर प्रत्येक रुग्णाचा आकडा तेवढ्याने कमी येतो, आणि कमी आलेल्या आकड्यावर कोणी तक्रार करत नाही, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

रक्त घेण्याआधी ट्यूब रोलर मिक्सरवर पंधरा मिनिटे फिरवा. टिप रक्ताच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन मिलिमीटरच बुडवा, बाहेरून पुसा, डायल्युअंटमध्ये सोडल्यावर दोन-तीनदा आत-बाहेर करून टिप धुवून घ्या. टिपच्या भिंतीवर लाल पट्टा उरला तर तेवढे रक्त कमी गेले. आणि ही चूक अंतर्गत मानकाला कळत नाही, कारण ते डायल्युअंटमधून आलेले असते. रक्त कमी गेले तरी इरिडियम अगदी बरोबर दिसते. बरेच जण इथे फसतात.

यंत्र लावणे

प्लाझ्मा पेटवल्यावर किमान अर्धा तास थांबा. ऊर्जा सुमारे १५५० वॅट, प्लाझ्मा वायू मिनिटाला १५ लिटर, नेब्युलायझर वायू १ लिटरच्या आसपास, स्प्रे चेंबर २ अंश. ट्यूनिंगच्या द्रावणात सिरियमच्या ऑक्साइडचे प्रमाण २% पेक्षा आणि दुहेरी प्रभाराच्या आयनांचे ३% पेक्षा कमी ठेवा. ऑक्साइड जास्त येत असेल तर नेब्युलायझर वायू थोडा कमी करा. अरुंद छिद्राचा काँसेंट्रिक नेब्युलायझर रक्ताला सोसत नाही, रुंद वाटेचा घ्या. पंपाच्या नळ्या दाबून पाहा. चपट्या झाल्या असतील तर बदला, त्यांची किंमत एका वाया गेलेल्या रनपेक्षा कमीच असते.

नुकतेच धुतलेले कोन घातल्यावर लगेच रुग्णांचे नमुने लावू नका. पहिला अर्धा-पाऊण तास सिग्नल सरकत राहतो. तेवढा वेळ पातळ केलेले आधाररक्त सोडत राहा, कोनावर पातळ थर बसला की सिग्नल स्थिरावतो.

वस्तुमाने तीन निवडा: २०६, २०७, २०८, आणि तिघांची बेरीज करा. शिसे या बाबतीत इतर धातूंसारखे नाही. युरेनियम आणि थोरियमच्या क्षयातून त्याचे हे समस्थानिक (एकाच धातूचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू) खडकात वाढत राहतात, म्हणून खाणीगणिक त्यांचे गुणोत्तर बदलते. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या शिशात २०६ आणि २०७ यांचे गुणोत्तर साधारण १.०४ आहे, इतर खाणींच्या शिशात ते बरेच जास्त असू शकते. तुमचे स्टँडर्ड एका खाणीचे, रुग्णाचे शिसे दुसऱ्या. एकट्या २०८ वर मोजले तर काही टक्क्यांची चूक फुकट पदरात पडते. २०४ सोडून द्या. तिथे पाऱ्याचेही २०४ बसते.

रक्तातल्या शिशावर त्याच वस्तुमानाच्या रेणूंचा अडथळा फारसा नसतो, त्यामुळे असे रेणू अडवणाऱ्या टक्कर-कोठडीतला हेलियम आवश्यक नाही.

रन

क्रम असा ठेवा: ब्लँक, स्टँडर्ड, पुन्हा ब्लँक, प्रमाणित (शिशाचे प्रमाण खात्रीने माहीत असलेले) रक्त, मग कमी-मध्यम-जास्त असे तीन नियंत्रण नमुने, मग रुग्ण. दर दहा रुग्णांनंतर एक ब्लँक आणि एक नियंत्रण. प्रमाणित रक्तासाठी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचे ९५५ मालिकेतले रक्त किंवा बाजारात मिळणारे सेरोनॉर्मचे पूर्ण रक्त वापरतात. प्रत्येक नमुन्याची तीन वाचने घ्या.

दोन नमुन्यांच्या मध्ये धुण्याचे द्रावणही अल्कधर्मीच हवे. रक्तानंतर नळीतून आम्ल गेले की आतल्या आत प्रथिने साकळतात. डायल्युअंट करताना जे टाळले तेच नळीत घडवून आणल्यासारखे. ६० ते ९० सेकंद पुरतात, पण हे गृहीत धरू नका: ५०० चे स्टँडर्ड सोडा, धुवा, लगेच ब्लँक मोजा आणि तो मूळ पातळीवर येईपर्यंत वेळ वाढवा.

आकडा ५०० च्या, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या, वर गेला तर आलेख पुढे ओढू नका. त्याच ट्यूबमधले १ मिलिलिटर ४ मिलिलिटर डायल्युअंटमध्ये घालून पुन्हा मोजा आणि पाचने गुणा. नंतर मूळ रक्तातून सगळे पुन्हा करा. आणि त्याच्या मागे लागलेले दोन नमुनेही पुन्हा मोजा.

बिघाड ओळखणे

इरिडियम रनभर हळूहळू उतरत गेले तर कोनावर थर जाड होतोय किंवा नेब्युलायझर तुंबू लागलाय. सुरुवातीच्या ७०% च्या खाली गेल्यास थांबा, अंतर्गत मानक दुरुस्ती करते म्हणून त्यावर विसंबून रन पुढे रेटू नका. एकाच नमुन्यात ते अचानक घसरले आणि तीन वाचने एकमेकांशी जुळत नसली तर बहुधा गुठळी किंवा नळीत हवेचा बुडबुडा. ट्यूब प्रकाशासमोर धरून पाहा.

ब्लँक रनभर वर चढत असेल तर धुणे अपुरे आहे. पहिल्यापासूनच सगळे ब्लँक उंच असतील तर डायल्युअंट. एक-एक घटक वगळून छोट्या प्रमाणात करून पाहा, दोषी बहुतेकदा ईडीटीए किंवा अमोनियाची नवी बाटली निघते. ब्लँक कुठे कमी, कुठे जास्त असे उड्या मारत असतील तर ट्यूब किंवा धूळ. एसीचा झोत नमुन्यांच्या रॅकवर येतोय का तेही बघा.

शोधमर्यादा (खात्रीने ओळखता येणारे सर्वांत कमी शिसे) काढताना एकाच दिवशीचे दहा ब्लँक घेऊ नका, आकडा खोटाच सुंदर येतो. निदान वीस वेगवेगळ्या दिवसांचे ब्लँक घ्या आणि त्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट करा. लॉट बदलतात, माणसे बदलतात, त्यांचा परिणाम त्यात यायला हवा.

दुसरे धातू जोडायचे असतील तर

शिसे नीट बसल्यावरच जोडा. आर्सेनिक-७५ वर आर्गॉन आणि क्लोरीन मिळून बसतात, तिथे हेलियम लागतोच. लघवीतल्या आर्सेनिकबद्दल किनारपट्टीवरच्या प्रयोगशाळांनी विशेष सावध राहावे. कोकणात, गोव्यात रोजच्या जेवणात मासळी. मासळीतल्या निरुपद्रवी आर्सेनोबीटेनमुळे एकूण आर्सेनिक भरपूर वर जाते. तीन-चार दिवस मासळी बंद ठेवून नमुना घ्या किंवा क्रोमॅटोग्राफीने प्रकार वेगळे करा. कॅडमियम-१११ वर मॉलिब्डेनमचा ऑक्साइड येतो. पारा नळ्यांना चिकटून मागे रेंगाळतो. जस्त ट्यूबच्या रबरी बुचातून येते, मँगनीज आणि क्रोमियम स्टीलच्या सुईतून. एमआरआयसाठी गॅडोलिनियम टोचले असेल तर त्याचे दुहेरी प्रभाराचे आयन सेलेनियम-७८ वर बसतात. असा नमुना काही दिवस पुढे ढकललेला बरा.

कचरा

प्रत्येक रक्त संसर्गजन्य समजा आणि हिपॅटायटिस बी ची लस घेऊनच काम सुरू करा. यंत्राच्या टाकाऊ बाटलीत निर्जंतुकीकरणासाठी ब्लीच ओतण्याची सवय अनेक प्रयोगशाळांत असते. या पद्धतीत ती बाटली अमोनियाने भरलेली आहे. ब्लीच आणि अमोनिया मिळून विषारी क्लोरामाइन वायू तयार होतो. या बाटलीत ब्लीच कधीही घालू नका, तसे बाटलीवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून चिकटवा आणि जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार तिची वेगळी सोय लावा.

अहवाल

आकडा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये द्या, एक दशांश स्थान पुरे. मायक्रोमोल प्रति लिटर हवे असेल तर ०.०४८३ ने गुणा. शोधमर्यादेखालच्या आकड्याला शून्य लिहू नका, मर्यादेपेक्षा कमी असे लिहा. नमुना शिरेचा की बोटाचा हे अहवालावर आलेच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ५ किंवा त्याहून जास्त आले की शिशाचा स्रोत शोधून तो संपर्क तोडायचा असतो. म्हणून ५ च्या आसपासचा प्रत्येक आकडा दुसऱ्या दिवशी मूळ ट्यूबमधून पुन्हा मोजून मगच सोडा.